एट्टामावशीची दिवंगत मंडळी

लिओटा बेअरपॉने शाळेची बस चालवण्यात जन्म काढला. स्टिलवेलच्या टेकड्यांतली चेरोकी जमातीची निम्मी पोरं तिने नुसत्या आरशातून डोळे वटारून वळणावर आणली. पण बसची किल्ली परत केली, घरी बसली आणि तिला एकच गोष्ट टोचू लागली. आपल्याला कनुची येत नाही.

कनुची म्हणजे हिकरीच्या झाडाच्या, अक्रोडासारख्या टणक कवचाच्या रानफळांचं सार. फळं फोडून, चाळून, उरल्यासुरल्या कवचासकट उखळात कुटायची, लाडू वळायचे, मग गरम पाण्यात विरघळवून गाळायचं. लिओटा ऐन तरुण असतानाच तिची आई गेली आणि हे शिकायचं राहिलं. आजवर लाडू एट्टामावशीकडून आयते येत. यंदा मावशीचे खांदे धरले होते आणि चर्चच्या हिवाळी जेवणात पहिल्यांदाच कनुचीचं पातेलं नसणार, अशी कुजबुज सुरू झाली. लिओटा भर सभेत म्हणून बसली, "मी करते." मावशीने लाकडी उखळ आणि मुसळ लिओटाच्या गाडीत चढवायला लावलं आणि स्वतःही पुढच्या सीटवर जाऊन बसली.

आता, एट्टामावशीने आयुष्यात कुणाला 'असं करू नको' म्हटलेलं नाही. तोंडावर चूक काढणं इकडच्या जुन्या माणसांना शोभत नाही. मावशी फक्त एखाद्या मेलेल्या नातेवाइकाची आठवण काढते.

पहिल्या दिवशी लिओटाने झाडाखालून वेचलेली ओली फळंच कुटायला घेतली. ओसरीवरच्या खुर्चीतून मावशीला तिचा चुलतभाऊ अमोस आठवला. त्यालाही धीर नसायचा म्हणे, त्याचे लाडू सगळ्या जगाला चिकटत, फक्त वळले जात नसत. लिओटाने मुकाट्याने फळं शेगडीजवळ वाळत घातली.

ती खडखडीत वाळल्यावर, कुणाच्या दाताखाली कवच येऊ नये म्हणून लिओटा केसांच्या पिनेने एकेक गर कोरत बसली. कितीतरी संध्याकाळी गेल्या आणि हाती आला मूठभर चुरा. मावशीला जीनिव्हावहिनी आठवली. "सगळंच सोलायची बाई. नवऱ्यालासुद्धा सोलून ठेवला होता बिचाऱ्याला."

शेवटी खरं कुटणं सुरू झालं, तर लिओटाने मुसळाची जाड बाजू खाली धरली. कुणीही तशीच धरेल. मावशीने सुस्कारा सोडला. लेव्हायमामाही असंच धरायचा. उखळ उलून गेलं, मग त्यात कोंबडी अंडी घालायची.

लिओटाने मुसळ आपटून खाली ठेवलं. "मावशी, आपल्या घराण्यात कनुची कुणाला जमायची तरी का?"

"मला," मावशी म्हणाली. "पण मी अजून मेले नाही."

लिओटाला हसू आवरेना. हसता हसताच तिने मुसळ उलटं केलं. जाड बाजू वर गेली आणि वरचं वजनच काम करू लागलं. हात फक्त उचलायला. थोड्या वेळाने चुऱ्याला तेल सुटलं, उखळाला चकाकी आली आणि पहिला लाडू तळहातावर न फुटता बसला.

जेवणाच्या सकाळी सार गाळून तिने त्यात मका सोडला. आता मीठ की साखर? या प्रश्नावरून इथे सोयरिकी अडल्या आहेत. आई काय घालायची, ते तिला आठवेना. तिने मिठाच्या बरणीत हात घातला आणि मावशीकडे पाहिलं. मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. तिला आज कुणीच आठवत नव्हतं, आणि लिओटाने शेवटी अंदाजाने मीठच टाकलं.

चर्चच्या मागे टेबलं मांडली होती. डेल्बर्ट, तिचा मावसभाऊ, वाडगं पुढे करत म्हणाला, "ताई, तुझ्या बससारखी हिसके देत नाही ना ही?" रांग हसली. लिओटाचं लक्ष मात्र मावशीकडे होतं.

मावशीने एक घोट घेतला. मग आणखी एक. मग वाडगं दोन्ही हातांत धरून तळापर्यंत संपवलं.

"तुझ्या आईची अशीच व्हायची," ती म्हणाली.

लिओटाच्या हातातला डाव तिथेच थांबला. रांग खोळंबली, पण आज कुणी घाई केली नाही.

"मीठ तिचंही जरा जास्तच पडायचं," मावशी म्हणाली आणि रिकामं वाडगं पुन्हा पुढे केलं.

लिओटाने ते काठोकाठ भरलं.