तलवाड्याची तेवीस मेंढरं

शिरूर कासारकडून येणारा डांबरी रस्ता संपला, की खडकाळ माळ लागतो. त्या माळाच्या उतारावर आमची वस्ती. तीस-बत्तीस घरं, सगळी धनगरांची. मी तिथल्या शाळेवर अकरा वर्षं मास्तर आहे. दिवाळी झाली की काही घरं ऊसतोडीला जातात, काही मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं. मागं म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुत्री राहतात. एवढी शांतता होते, की आपल्या अंगणात चंद्रभागाबाई चाती फिरवत लोकर काततेय, तेही कानाला कळतं.

चंद्रभागाबाई म्हणजे त्रिंबकतात्यांची बायको. तात्या आता साठीपुढचे. उंच, थोडे वाकलेले, बोलायला कमी. शंभर मेंढरांतलं प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखणार. लोकर कातरताना त्यांच्या कात्रीनं कुणाच्या कातडीला ओरखडा गेलेला कुणी पाहिला नाही. पूर्वी घोंगडी विणणारे लोकर मागायला वस्तीवर येत. आता कुणी येत नाही. कातरलेली काळी लोकर बांधावर पडून भिजते. तरी चंद्रभागाबाई वर्षाला एका घोंगडीपुरती कातते. “हाताला सवय हाय, गुरुजी,” म्हणते.

तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ अजिनाथ यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी आणि सगळा संसार, दरवर्षी तलवाड्याला दस्तगीरभाईंच्या शेतात उतरायचा. दस्तगीरभाईंची चार एकर जमीन, त्यात मोसंबीची बाग. मेंढरं रानात बसवली की लेंडीखतानं जमीन सुधारते, म्हणून शेतकरी वाड्याला धान्य देऊन बसवून घेतात. त्यांच्या बापांच्या वेळेपासूनचं हे नातं. दस्तगीरभाईंची म्हातारी आई वाड्यावरच्या बायकांना ‘पोरींनो’ म्हणायची आणि कोकरू झालं की स्वतः गूळ घेऊन यायची.

नऊ वर्षांपूर्वी हे सगळं एका दुपारी मोडलं.

मला वस्तीनं सांगितलेली हकिकत अशी होती, की दस्तगीरनं बागेला विषारी औषध मारलं, वाड्याला सांगितलं नाही, आणि तेवीस मेंढरं तडफडून मेली. वस्तीत हे सगळ्यांना पाठ होतं. त्यानंतर आमच्या वस्तीचाच काय, आजूबाजूच्या कुठल्याही धनगराचा वाडा त्या शेतात उतरला नाही.

गेल्या श्रावणात, वाडे घरी असताना, मी शाळेत एक कार्यक्रम ठेवला. जाणत्या माणसानं यावं आणि आपला धंदा पोरांना सांगावा. मी तात्यांना बोलावलं. ते नाही नाही म्हणत आले आणि मग रंगले. पाऊस येणार असला की मेंढरं कशी दाटून उभी राहतात, गाभण मेंढी चालीवरून कशी ओळखायची. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. कुणीतरी विचारलं, “तात्या, मेंढरांना सगळ्यात वंगाळ काय?”

“किराळ,” तात्या म्हणाले. “ज्वारी कापल्यावर बुडख्याला जे कोवळं फुटवं येत्यात ना, पाणी कमी पडून सुकत आलेलं, त्यात इख असतंय. उपाशी मेंढरानं खाल्लं की घटकाभरात खलास.”

तेव्हा अजिनाथांची नात करिष्मा उभी राहिली. तिसरीतली, चुणचुणीत पोरगी. ती म्हणाली, “न्हाई. सगळ्यात वंगाळ तलवाड्याचा दस्तगीर. त्यानं आमची तेवीस मेंढरं मारली.”

पोरं हसली. तात्यांनी पटका सावरला, “झालं आता,” म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, जुनं दुःख आठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले. मी कुलूप काढलं तसे म्हणाले,

“गुरुजी, ती पोरगी तवा जल्मली बी नव्हती.”

“कोण?”

“करिष्मा. माझी लबाडी तिला पाठ हाय.”

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी दस्तगीरभाईंनी बजावलं होतं, “त्रिंबकभाऊ, खालच्या तुकड्यात कडवळाचे फुटवे आलेत, तिकडं जाऊ देऊ नका.” कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी, तिचे फुटवे म्हणजेच किराळ. तात्यांनी मान हलवली होती. दुपारी ऊन चढलं. चरायला कालव्याच्या भरावावर न्यायचं तर लांब चालायचं होतं आणि तात्यांचा गुडघा दुखत होता. मेंढरं सकाळपासून उपाशी. थोडी चरली तर काय होतंय, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं काट्याची फेस, म्हणजे कुंपणाच्या तोंडाला लावलेलं झुडपाचं फाटक, बाजूला केली आणि लिंबाखाली पाय पसरले.

“डोळा न्हाई लागला, गुरुजी. झोपलो असतो तर तेवढं तरी सांगता आलं असतं. मी बघत हुतो.”

पहिली मेंढी पडली तेव्हा ते उठले. बाकीची हाकलून बाहेर काढेपर्यंत दहा आडवी झाली होती. तोंडाला फेस, पाय झाडत होती. अजिनाथ पळत आले. काहींच्या तोंडात गुळाचं पाणी ओतू लागले आणि ओरडले, “काय खाल्लं रं ह्यांनी?”

समोर बागेच्या कडेला दस्तगीरभाईंचा फवारणीचा पंप ठेवलेला होता.

“आन् माझ्या तोंडातून निघालं, औषध मारलंय वाटतं. एवढंच.”

एवढंच पुरेसं होतं. माणसं जमली. दस्तगीरभाई हात जोडून सांगत होते, की पंप धुवायला काढलाय, फवारणी झालेलीच नाही. मग त्यांनी तात्यांकडं बघितलं. “त्रिंबकभाऊ, तुमीच सांगा, सकाळी मी तुमाला फुटव्याचं बोललो का न्हाई?”

“मी म्हनलो, मला काय बी सांगितलं न्हाई,” तात्या मला म्हणाले.

उशिरा आलेले जनावरांचे डॉक्टर किराळाची शंका बोलून गेले, पण तोवर मेंढरं पुरली होती आणि कुणाला ऐकायचं नव्हतं. त्या वर्षीपासून तात्या दुसऱ्या वाटेनं वाडा नेत. तलवाड्याच्या बाजाराला गेले नाहीत. घरात कुणी मोसंबी आणली तर उठून बाहेर जात. चंद्रभागाबाईंनी एकदा विचारलं होतं, “कावून असं करता?” त्यावर ते तिच्यावरच ओरडले होते. ओरडल्याचीही लाज त्यांना अजून वाटत होती.

मी म्हणालो, “तात्या, नऊ वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार?” हे मी बोललो, ते बरोबर नव्हतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी खाली बघितलं.

आधी ते अजिनाथांकडं गेले. अजिनाथ गोठ्यात लोकर कातरत होते. ऐकताना त्यांची कात्री थांबली. अर्धी कातरलेली मेंढी तशीच उठून गेली.

“नऊ वर्षं मी त्या माणसाला आईबहिणीवरून बोललो,” अजिनाथ म्हणाले. “त्याच्या शेतात उतरू नका म्हणून मी वाड्या-वाड्यावर हिंडलो. तू बाजूला उभा ऱ्हाऊन ऐकत हुतास.”

“व्हय, अण्णा.”

“माझी मेंढरं येगळी कर.”

दुपारपर्यंत दोन कळप झाले. मेंढरांना ते कळेना. ती पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळत होती, आणि दोघं भाऊ ती वेगळी करत होते.

तलवाड्याला मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. दस्तगीरभाई घरासमोर फळांच्या गाड्यावर पाणी शिंपडत होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी तात्यांना लगेच ओळखलं. त्यांच्या बायकोनं, सलिमाभाभींनी, आम्हाला बाज टाकून दिली आणि दारातच उभ्या राहिल्या.

तात्या बाजेवर बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, काट्याची फेस बाजूला केल्यापासून. शेवटी म्हणाले, “तुमी सांगितलं हुतं. मी खोटं बोललो.”

दस्तगीरभाई ओल्या हातानं एक मोसंबं पुसत राहिले. “हे मला कावून सांगता? मला म्हायती हाय मी काय बोललो हुतो.” मग म्हणाले, “अम्मीला सांगायला पायजे हुतं. मरायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं. म्हनली, बेटा, खरं सांग, मुक्या जनावरांना इख तू घातलं न्हाईस ना? सख्खी आई हुती. मी शपथ घेतली, तरी तिच्या डोळ्यात शंका हुती. तशीच गेली ती.”

तात्या खाली मातीत बसले. सलिमाभाभींनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला, पण ‘घ्या’ म्हणाल्या नाहीत.

“माझ्या दारात रडून काय उपेग?” दस्तगीरभाई म्हणाले. “ज्यांच्यापुढं बोलला हुतात, त्यांच्यापुढं बोला.”

वाडे निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बिरोबाच्या देवळापुढं आजूबाजूच्या वस्त्यांची माणसं जमतात. कोण कुठं उतरणार, ते तिथं ठरतं. या दिवाळीनंतर तात्या तिथं सगळ्यांपुढं उभे राहिले आणि बोलले. एक शब्दही गाळला नाही. मला वाटलं होतं, आता ओरडा होईल. काही झालं नाही. एक म्हातारा म्हणाला, “व्हतंय, चुकी कुणाची व्हत न्हाई?” दोघं-तिघं तंबाखू मळत हसले. नाथा नावाचा एक तरुण मेंढका म्हणाला, “जाऊ द्या तात्या, लई जुनी गोष्ट.” ज्या गोष्टीसाठी एक माणूस नऊ वर्षं बदनाम झाला, ती मिटायला तंबाखू मळण्याइतकाही वेळ लागला नाही. तात्यांना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

अजिनाथ मात्र गर्दीतून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझा वाडा ह्या साली दस्तगीरभाईच्या रानात उतरंल. त्यांनी उतरू दिलं तर.”

दस्तगीरभाईंनी उतरू दिलं. अजिनाथांबरोबर करिष्माही चार दिवस गेली होती. परत आल्यावर तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, की दस्तगीरचाचांनी तिला झाडावरची मोसंबी स्वतः तोडू दिली. मी विचारलं, “आणि तेवीस मेंढरं?” ती म्हणाली, “ती किराळानं मेली. तात्यांच्या चुकीनं.” पोरं तात्यांच्या घराकडं बघू लागली. मी त्यांना पुस्तकं उघडायला सांगितली.

तात्या यंदा कुठंच गेले नाहीत. वाट्याला आलेली चाळीसेक मेंढरं ते वस्तीच्या गायरानातच चारतात. परवा शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडं गेलो, शेजारी दगडावर बसलो. बरं वाटतं का आता, असं विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “आधी वाटायचं, सांगितलं की हलकं व्हईल. त्या म्हातारीचं कुणाला सांगू?”

एक मेंढी कुंपणाकडं सरकली. त्यांनी तोंडानं आवाज काढून तिला वळवली.

“अण्णांकडं तलवाड्याला जाणार का?”

“अण्णांनी बोलावलं तर जाईन,” तात्या म्हणाले. “अजून बोलावलं न्हाई.”