मी काय, मी वाळेन

उजवा हात खांद्यापासून सरळ लांब, मुठीत छत्रीचा दांडा, आणि स्वतः छत्रीच्या बाहेर. आमच्या वहिनीला तुम्ही पाहिलं असतंत तर असंच पाहिलं असतंत. छत्रीखाली कोण, तर कॅमेरा. कॅमेऱ्यामागे तिचा नवरा, तोही निम्मा बाहेर, पण त्यांच्या डोक्यावर निदान टोपी असायची. हिच्या डोक्यावर पाऊस. कुणी म्हटलं, अगं भिजतेयस, तर उत्तर ठरलेलं. "मी काय, मी वाळेन."

शिंदे की छावनीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नवऱ्याचं जयेंद्रगंजात फोटोचं दुकान, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना फोटोवाले म्हणायचा. हिला नुसतं वहिनी. मी ब्लाउज शिवते, लग्नाघरची कामं माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बरोबरच येतात, त्यामुळे आमचं जाणंयेणं फार.

एकदा फोटोवाले एक जुना रेनकोट घेऊन आले. कॅमेऱ्यासाठी झबलं शिवून हवं होतं, पुढे भिंगापुरतं भोक, मागे इलॅस्टिक, दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा. माप घ्यायला कॅमेरा माझ्या हातात दिला, तोही असा, की जसं बाळंतिणीने पोर द्यावं. झबलं छान झालं. कापड उरलं, तर मी वहिनीला म्हटलं, ये, तुला डोक्याला टोपडं शिवते. ती हसली. म्हणाली, मला काय करायचंय, मी वाळेन, त्यापेक्षा यांच्या फ्लॅशला एक शिवा ना. शिवलं बाई फ्लॅशला.

घरात कॅमेऱ्याला लोखंडी कपाट होतं. आत बारका बल्ब कायम जळता, भिंगांना बुरशी धरू नये म्हणून. पावसाळ्यात ह्या दोघांच्या झोपायच्या खोलीत तीन भांडी ठेवावी लागायची गळक्या छताखाली, पण कपाट मधल्या कोरड्या खोलीत. शिवाय चपलांच्या खोक्यांत त्या पांढऱ्या पुड्या निघतात ना, ओल शोषणाऱ्या, त्या फोटोवाले नई सडकेवरच्या चपलांच्या दुकानांतून मागून आणायचे. पुड्यांनी ओल पिऊन घेतली की वहिनी तव्यावर मंद आचेवर त्या भाजायची. पुन्हा कोरड्या झाल्या की कपाटात. आधी पोळ्या, मग पुड्या. मी विचारलं होतं, ह्यांना तूप लावतेस की नुसत्याच? तर इतकी हसली की एक पुडी करपली, आणि मग घाबरून दाराकडे बघायला लागली.

मूलबाळ नव्हतं. तुम्ही म्हणाल, म्हणून कॅमेऱ्याचं इतकं. असेल. पण पोराला सुद्धा कोणी आईच्या वर धरत नाही.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्नाआधीचं शूटिंग तिघऱ्याच्या धरणावर ठरलं. आता हे असतं, लग्नाच्या आधीच फोटोत फिरून यायचं. घागऱ्याची चुणी सुटली तर, म्हणून मलाही गाडीत बसवलं. भुरभुर होती. झबल्यात बोटं नीट चालत नाहीत म्हणून फोटोवाल्यांनी ते काढून ठेवलं. छत्री होतीच, आणि छत्रीच्या बाहेर वहिनी होतीच.

नवरानवरी पाण्याकडे तोंड करून उभी. फोटोवाले दगडांवरून मागे मागे सरकत गेले, "छत्री इकडे, छत्री इकडे" म्हणत, आणि शेवाळावर पाय गेला. ते बसले धपकन. कॅमेरा हातातून सुटला तो पाण्यात. आम्हाला काय झालं ते कळेपर्यंत वहिनीने छत्री टाकून उडी घेतली होती. पोहता येतं का, हे तिला मी कधी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला बहुतेक विचारलं नसावं.

छातीपर्यंत पाणी. ती बुडी मारून दिसेनाशी झाली आणि मग आधी एक हात वर आला. हातात कॅमेरा. मागून डोकं, नाकातोंडातून पाणी, खोकला. फोटोवाले दगडावर पालथे पडले, हात लांब केला आणि कॅमेरा घेतला.

कॅमेरा घेतला, आणि वळले.

ती तशीच उभी, हात वर केलेला. तिला वाटलं असेल, दुसऱ्यांदा येतील. मी आणि ड्रायव्हरने तिला ओढून काढली. तिकडे फोटोवाल्यांचं चाललं होतं. बटन दाबायचं नाही, ओला कॅमेरा चालू केला की संपला, हे ते सगळ्यांना बजावत होते. बॅटरी काढली, कार्ड काढलं, भिंग वेगळं केलं. मग हात मागे करून म्हणाले, "ताई, सूखा कपडा. पुसायचं नाही, टिपायचं." गाडीत एकच टॉवेल होता. तो नवरीचा होता आणि तो कॅमेऱ्याला गेला. नवरा मुलगा म्हणाला, "अंकलने क्या फुर्ती दिखाई यार," आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही हसून पाहिलं. दात वाजत होते तिचे.

परत येताना टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा वहिनीच्या मांडीवर. म्हणजे ओल्या लुगड्याची ओल लागू नये म्हणून आधी प्लॅस्टिक, मग कॅमेरा. फोटोवाल्यांनी ड्रायव्हरला एसी लावायला सांगितला. एसीत हवा कोरडी राहते, कॅमेऱ्याला चांगलं. मी म्हटलं, अहो, बायको गारठलीय. तर वहिनीच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या ताई. मी काय, मी वाळेन." हात बर्फासारखा होता.

त्यानंतर तिला ताप भरला. मी पेज घेऊन जायची, तर ही चुलीपाशी, गॅसच्या शेगडीला ती चूलच म्हणायची, डोक्याला फडकं बांधून पुड्या भाजत बसलेली. फोन सारखा वाजायचा. नवरीकडचे विचारायचे, कैमरा कैसा है? मोहल्ल्यातले दारातून विचारायचे, सुधारतोय का? फोटोवाले सगळ्यांना नीट सांगायचे, घाई करून चालणार नाही, आतली ओल हळूहळू निघते. डॉक्टरचं मी काढलं की म्हणायचे, उद्या बघू, आज कपाटापाशी कोणी तरी हवं.

ज्या दिवशी त्यांनी बॅटरी घातली त्या दिवशी मी तिथेच होते. देवाला नमस्कार केला आणि बटन दाबलं. हिरवा दिवा लागला. त्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग इकडेतिकडे पाहिलं, फोटो काढून बघायला काही तरी हवं होतं. समोर खाटेवर वहिनी.

"ए, इकडे बघ. हलू नको."

"माझा?" ती म्हणाली. उठून बसली. धाप लागली होती तरी पदर नीट केला, केस मागे सारले, कुंकू जाग्यावर आहे का म्हणून मला खुणेने विचारलं. इतकी वर्षं तो कॅमेरा तिच्या हाताखाली होता, पण तिच्याकडे तोंड करून पहिल्यांदाच. आणि अशी हसली, नव्या नवरीला मी इतकं हसताना पाहिलेलं नाही.

त्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला. चेहरा नाही, कोपरे. म्हणाले, "डाग नाही. एकही डाग नाही."

"दाखवा ना," वहिनी म्हणाली.

"थांब, जास्त वेळ चालू ठेवायचा नसतो." बॅटरी काढून ते कपाटाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, उशीर केलात. फोटोवाले त्यांना विचारत होते, पाणी आत गेलंच कसं, लगेच तर बाहेर काढली होती. काढली होती मी आणि ड्रायव्हरने. ती तिथून परत आली नाही.

तेराव्याला फोटो लागतो. गावभराच्या आज्या-पणज्यांचे फोटो काढलेल्या त्या घरात तिचा एकही नव्हता, तो एक सोडून. तोच लावला. फोटो खरंच सुरेख आलाय, डाग नाही. तिने तो पाहिला नाही एवढंच.

त्या मुलीचं लग्न झालं. धरणावरचे फोटोही कार्डातून सगळे निघाले.

परवा पाऊस लागला होता, म्हणून त्यांच्याकडे डोकावले. फोटोवाले शेगडीपाशी उकिडवे बसून तव्यावर पुड्या भाजत होते. मला वाटलं, कपाटासाठी. तर त्यांनी त्या पदरात घ्याव्या तशा सदऱ्याच्या टोकात घेतल्या, स्टुलावर चढले, आणि वहिनीच्या फोटोमागे, फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये, एकेक करून सरकवायला लागले.

"ही भिंत फार ओल धरते हो ताई," ते म्हणाले. "हिला लागायला नको."

मी खाली उभी राहून स्टूल धरलं.