रबर तो, ती की ते

"शाईच भिकार आहे. पाठवा परत," सर म्हणाले आणि मीटिंगमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. टेबलावर आमच्या नव्या प्रिंटरचं हेड पडलं होतं, चाचणीत तिसऱ्यांदा निकामी झालेलं. सकाळी मी ते भिंगाखाली पाहिलं होतं. शाई जिथून उडते त्या बारीक छिद्रांभोवती एकाच दिशेने ओरखडे होते. दर छपाईनंतर हेड पुसायला रबराची पट्टी फिरते. स्वच्छ ठेवता ठेवता तिनेच त्याची झिलई खरवडली होती.

माझंही तसंच होतं. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी वाक्य बोलण्याआधी मी ते मनात पुसत बसते. मागे मीटिंगमध्ये 'रबर'चं लिंग चुकले तेव्हा शेजारी बसलेला शिंदे म्हणाला होता, "मॅडम, आधी रबर मुलगा की मुलगी ते ठरवा." पुसून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग दिवसभर स्वतःचाच राग येतो.

सरांनी शाई परत करण्याच्या पत्रावर सही करायला पेन उघडलं. मी म्हणाले, "सर, शाई बरोबर आहे. आपली रबर हेडला फार पुसतो."