बदली झाली, की करून घेतली?

जपानातल्या आमच्या ताजिमी गावात 'मी चहा केला' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'चहा झाला' म्हणतात. कप फुटतो, पाणी तापतं, लग्न ठरतं. करणारा कुठे दिसतच नाही. ऐकणाऱ्यालाही ते बरं वाटतं. माझ्या शेजारच्या सुमिएला मात्र अशा बोलण्याचा भारी संशय. तिच्या शिलाईच्या दुकानात कुणी "बाही फाटली हो" म्हणत आलं, की ती चष्म्यावरून बघायची. "फाटली, की फाडलीत?"

तिचा नवरा मोरिओ फरशांच्या कारखान्यात कारकून होता. एका संध्याकाळी जेवताना तो भाताच्या वाटीत बघत म्हणाला, "माझी आकिताला बदली झाली."

"झाली, की करून घेतलीत?"

"झाली म्हटलं ना!"

आकिता म्हणजे पार उत्तरेला, बर्फात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला तिकडे कोण कशाला धाडेल? सुमिए माझ्याकडे येऊन पुटपुटली, "यात काहीतरी काळंबेरं आहे बघ." तिनं त्याच्या कोटाचे खिसे उलटे केले, मफलर हुंगून पाहिला. तो फोनवर हळू बोलायला लागला, की हिच्या हातातली भांडी वाजायची थांबत. हाती काहीच लागेना.

शेवटी बाजारात मोरिओच्या साहेबांची बायको, कुवाबाराबाई, भेटली. सुमिएनं खडा टाकला. "साहेबांनी आमच्या ह्यांना फारच लांब पाठवलं हो."

"पाठवलं? अहो, आमचे हे तर नको नको म्हणत होते. मोरिओसाननीच हट्ट धरला!"

भाजीला म्हणून निवडलेले मुळे तिथेच टाकून ती घरी आली. "अहो, कोण आहे आकितात?"

मोरिओ म्हणाला, "बाबा. आता ते माणसं ओळखत नाहीत. दादा एकटाच सगळं करतो."

हे सासरे तिच्या लग्नाला आले नव्हते. शिंप्याची पोर सून म्हणून नको, असा निरोप तेवढा आला होता. तीस वर्षांत सुमिएनं त्या घराचा उंबरा शिवला नव्हता.

"मग मला सरळ सांगायचं होतंत!"

"तू चिडली असतीस. बदली झाली म्हटलं, की कुणावरच दोष येत नाही."

"म्हणजे बायकोच्या भीतीनं साहेबाच्या पाठीमागे लपलात! जा तुम्ही. मी येणार नाही. आणि हे आपलं आपण ठरलेलं नाही, मी ठरवलंय."

तो एकटाच गेला. थंडी वाढली तशी तिनं कापूस भरलेली दोन जाकिटं शिवून पाठवली. दुसरं आखूड होतं, वाकलेल्या म्हाताऱ्याच्या अंगाचं. माप तिला कुणी दिलं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वसंतात म्हातारा गेला. सुमिए अंत्यविधीला गेली आणि दुसऱ्याच दिवशी परतली. मोरिओ शरदात परत आला. दोघांचं बरं चाललंय. फक्त आता तो काही 'झालं' म्हणाला, की ती आधी साहेबांच्या घरी फोन लावते.