पाच काड्यांची पिन

वायरींच्या बाबतीत मी मोठा जाणकार आहे, अशी रिठदमध्ये समजूत होती. ती मीच पसरवली होती. वाशीमच्या एका दुकानात बसून रेडिओची झाकणे उघडताना मी पाहिली होती. एवढ्या शिक्षणावर आपल्याकडे माणसे मंत्री होतात.

चुलत बहिणीच्या लग्नात ही विद्या उपयोगी पडणार होती. आमचे आबा गावचे बौद्धाचार्य. आसपासची सगळी लग्ने त्यांनीच लावली, नातीचे तेवढे राहिले आणि ते गेले. पण दिवाळीत मी हौसेने भरून घेतलेली त्यांची पाली भाषेतली वंदना माझ्या टेपमध्ये होती. "माह्यं लगन आबाच लावतीन," बहिणीने सांगून टाकले. बाकीचे मी बघतो, असे मी म्हणालो.

मांडवात कळले की टेपच्या वायरीला पाच काड्यांची पिन आहे आणि भोंगेवाल्याच्या पेटीला एकच जाड भोक. मी गंभीर चेहऱ्याने पिन कापली, वायरी दातांनी सोलल्या आणि आगकाडीने भोकात दाबून बसवल्या. भोंग्यातून म्हशीचा हंबरडा निघाला.

"इंजिनेर साहेब, हे पालीत हाय काय?" वऱ्हाडातून कोणीतरी विचारले.

मग माईक टेपसमोर धरला. भोंगा किंचाळला.

काका कानाशी आले. "खरं सांग बे, जमते का? नाई तं दुसरे बौद्धाचार्य बलावतो."

"दोनच मिनिटं, काका."

"कवापासून तुये दोनच मिनिटं चालू हायेत!"

शेवटी नवरीच उठली. "दादा, तो भोंगा बंद कर. टेप इकडं आन."

"अवं, गावाले कसं आयकू येईन?" काका कुरकुरले.

"गावाले नाई आलं तं नाई आलं. मले आलं पाह्यजे."

टेप बुद्धमूर्तीशेजारी ठेवला. मंडळी दाटीवाटीने जवळ सरकली. वंदनेची ओळ सांगणाऱ्यामागून म्हणायची असते, आणि आबा आता कोणासाठी थांबत नव्हते. म्हणून दर ओळीनंतर बटण दाबून त्यांना थांबवायचे काम माझ्याकडे आले. माझ्या वकुबाचे त्या दिवसातले हे पहिलेच काम, आणि त्यातही मी चुकलो. एकदा बटण उशिरा दाबले. ओळीमागून आबांचा खोकला आला, मग घरातल्या कोणाला तरी दिलेली हाक: "पानी आन वं."

म्हणायच्या लयीत असलेला अख्खा मांडव एका सुरात म्हणाला, "पानी आन वं."

मी घाईने कॅसेट पुढे पळवायला गेलो. नवरीने माझा हात धरला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"पुढं नको नेऊ, दादा. तेवढंच पुना लाव."

मी कॅसेट मागे घेतली आणि आबांना पुन्हा एकदा खोकू दिले.