आलटून-पालटून गोळ्या

मी पत्रकं लिहिते. औषध कंपन्यांवर, नको त्या तपासण्यांवर, रुग्णाला काहीच न सांगणाऱ्या डॉक्टरांवर. पत्रकाला एक आरोपी लागतो आणि तो पहिल्याच ओळीत सापडावा लागतो. बाबांना हृदयविकाराचा झटका आला, छातीत स्टेंट बसला आणि घरी आल्यावर ते हळूहळू बोलायचेच थांबले, तेव्हा माझा आरोपी ठरलेलाच होता. गोळ्या.

सिंदी रेल्वे या गावाजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पूर्वी बाजारात बाबांचा आवाज शेवटच्या दुकानापर्यंत जायचा. आता वांगी आई विकायची आणि बाबा बांधावर बसून राहायचे. ताटात अर्धं जेवण तसंच. काही दुखतं का विचारलं की म्हणायचे, "दुखत नाई. कशातच मन लागत नाई."

गोळ्यांसोबतचा बारीक अक्षरांचा कागद मी वाचला. धडधड कमी करायच्या गोळीच्या कागदावर चक्क छापलेलं : थकवा, उदासी. सापडला चोर! पत्रकाचा मथळासुद्धा सुचला. जाब विचारायला मी वर्ध्याच्या दवाखान्यात निघाले आणि पुरावा म्हणून बाबांना सोबत घेतलं.

डॉक्टर बाईंनी आधी गोळ्यांची पाकिटं मागितली. उलटीपालटी करून पाहिली.

"काका, इतक्या गोळ्या उरल्या कशा?"

"रोज एकच औषध मारलं तं कीड सरावते ना, मॅडम," बाबा अगदी सरळ म्हणाले. "म्हून आलटून-पालटून घेतो. एक दिवस रक्त पातळ करायची, दुसऱ्या दिवशी धडधडीची. मंग एक दिवस खाडा."

"खाडा कशाला?"

"झाडालेही इसावा लागते."

वांग्यावरच्या अळीशी बाबा आयुष्यभर असेच लढले. लागोपाठ एकच फवारा कधी मारला नाही. आणि मला, दिवसभर आरोग्य आरोग्य करणाऱ्या पोरीला, याचा पत्ता नव्हता.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. "काका, छातीत कीड नाही, जाळी बसवली आहे. रक्त पातळ करायची गोळी चुकली तर त्या जाळीत गुठळी होऊ शकते. मग दुसरा झटका. त्यातून वाचालच असं मी सांगू शकत नाही."

मी मध्येच उसळले. "आणि गोळीने हे उदास झालेत त्याचं काय? कागदावर लिहिलंय!"

"असूही शकतं. जुनी शंका आहे, पण बहुतेक लोकांत तसं दिसत नाही. झटक्यानंतर शरीरात आतून सूज राहते, डोळ्यांना न दिसणारी. ती सूजही मनाला खाली ओढत असावी. शिवाय मरणाची भीती असतेच. आणि उदास माणूस गोळ्या टाळतो, चालत नाही, म्हणजे हृदय आणखी बिघडतं."

"मग यात दोष कोणाचा?"

"यांच्या बाबतीत? मला माहीत नाही."

मला भयंकर राग आला. कोणावर, तेच कळेना. न सांगणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध मी पत्रकं वाटली होती. या बाईंनी सगळं सांगितलं, माहीत नाही हेसुद्धा सांगितलं. आणि गोळी बाबांनी धड घेतलीच नव्हती, तर तिला चोर तरी कसं म्हणायचं?

त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. बाबा दचकले. "म्हंजे मी येडा झालो का?"

"नाही काका. आजारी आहात. तोही आजारच."

परतीच्या एसटीत बाबांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "सांग नं व पोरी, घेऊ का नको? तू तं लय कागद छापते."

मी जे सांगेन ते बाबा करणार होते.

"घ्या बाबा. रोज. खाडा नाही."

"अन् गोळीनंच मन बसत असन तं?"

"तरी घ्या. मनाचं त्या डॉक्टरांना सांगू."

"तुले पक्कं माहीत हाय?"

"नाई."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पोरीले पैल्यांदा काई माहीत नाई," असं म्हणून पिशवीतली गोळी आणि पाण्याची बाटली काढली.

मनाच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली, त्याला महिना झाला. परवाच्या बाजारात एक गिऱ्हाईक वांगी दाबदाबून बघत होतं. बाबा ओरडले, "घ्याचे हाय, का मालिश करून राह्यला?" शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. आई हसली. नव्या गोळीने, की जुन्या गोळ्या रोज घेतल्याने, की नुसतं त्या गिऱ्हाइकामुळे, मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा बांधावर गप्प बसलेले दिसले.

घरात जाऊन मी पाकीट पाहिलं. त्या दिवशीची गोळी घेतलेली होती.