फकीरभाईंचा दात आणि न्हावऱ्याचा ऊस

शिरूरच्या डॉक्टर एस्थरबाईंच्या दवाखान्यात आधी गाल आला. तो आत येऊन स्थिरस्थावर झाल्यावर, बऱ्याच वेळाने, मागून फकीरभाई आले. गालाचा आब असा की बाकावरच्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या.

फकीरभाई ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. ते वाद्य वरच्या पुढच्या दातांवर टेकवावं लागतं, आणि नेमका त्यातलाच एक किडला होता. १९९८ची लग्नसराई पंधरा दिवसांवर आलेली.

"उपटू नका बाई," ते गालातून म्हणाले. "बायको गेली तरी चालंल, दात ऱ्हायला पायजे."

"मी हितंच बसलीय," शेजारून बिबीजान म्हणाली.

"उपटत नाही, मामा. दाताच्या आत नस असते, ती सडलीय. ती काढायची, पोकळी साफ करायची, भरायची. पण असा पोखरलेला दात ठिसूळ होतो, म्हणून शेवटी वर कॅप. तीनदा यावं लागेल."

फकीरभाई दोनदा गेले. दुखणं थांबलं, गाल जागेवर आला. तिसऱ्या खेपेच्या दिवशी कासुर्डीत वरात होती, म्हणून ती खेप राहिली.

"कॅपचं काय?" बिबीजानने विचारलं.

"दुखत न्हाई तर डॉक्टरकडं काय पाहुणचाराला जायचं?"

त्या हंगामात बँडच्या टेम्पोत रूट कॅनॉलवर रोज व्याख्यान झालं. नस काढलेला दात जित्या दातापेक्षा भक्कम, हा त्यातला मुख्य सिद्धांत. ऐकणाऱ्यांत कोणाचाच दात किडलेला नसल्याने तो मान्य झाला.

न्हावऱ्यात वरातीआधी नवरदेवाचे चुलते हौसराव यांनी बँडवाल्यांपुढे उसाची मोळी टाकली. सगळे दाताने सोलू लागले. हौसरावांच्या कानावर दाताची कीर्ती अर्धीच, नस काढल्यापुरती, गेली असावी. ते कोयता घेऊन आले. "भाई, तुमाला तुकडं करून देऊ?"

हे फकीरभाईंना लागलं. त्यांनी सगळ्यात जाड ऊस उचलला आणि त्याच दाताने सोलायला घेतला. पहिली साल झक्क निघाली. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. दुसऱ्या सालीबरोबर दात हिरडीलगत तुटून निघाला.

वरात हलली. क्लॅरोनेटमधून नुसती हवा.

"भाई," हौसराव म्हणाले, "सायकलीत हवा भरताय व्हय?"

एस्थरबाईंनी आत बघितलं. मूळही उभं चिरलं होतं. तेही काढावं लागलं. पुढे खोटा दात बसवला, पण त्यावर फुंक जमली नाही.

क्लॅरोनेट आता त्यांचा धाकटा भाऊ आरिफ वाजवतो. फकीरभाई मागच्या रांगेत खुळखुळा वाजवतात.